पाळ कोणी पोखरली

बोरखडीच्या पाझर तलावाची पाळ खेकड्यांनी पोखरली, असं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहून आलं. लिहिणाऱ्याचा हात कापला नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला हसू आलं नाही. आणि गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात बांधलेली पाळ दुसऱ्याच पावसाळ्यात गळते कशी, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. खाली असंही लिहिलं होतं की, तलावात आणि नाल्यात औषध टाकून खेकड्यांचा बंदोबस्त करण्यात येईल, तरी कोणी गुरंढोरं पाण्यावर सोडू नयेत.

जया शेतातल्या निंदणावरून परत येत होती. सातवीपर्यंत शिकलेली बाई, फळा दिसला की वाचल्याशिवाय पुढं जात नसे. तिनं तो एकदा वाचला, मग 'नाल्यात' हा शब्द पुन्हा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्याशाला निदान बोलता येतं. फासावर चढता चढता तो चार शिव्या तरी घालू शकतो. खेकड्यानं काय करावं?

"काकू, हे नाल्यातबी टाकून राह्यले काय?" मागून आलेल्या प्रियंकानं विचारलं. प्रियंका बौद्धपुऱ्यातलीच, लग्न होऊन चार वर्षं झालेली सून. बारावी शिकलेली आणि जयाच्या हाताखाली खेकडे धरायला शिकलेली.

"टाकू दे तं खरं," जया म्हणाली. "त्यायच्या हाताले नांगी लावल्याशिवाय राह्यत नाई मी."

बोलायला ठीक होतं. पण तिला नुसता राग आला नव्हता, भीतीही वाटली होती.

त्याचं कारण सांगायला चार वर्षं मागं जावं लागेल. बोरखडीतल्या बौद्धपुऱ्यातल्या नऊ बाया खेकडे धरून ढाणकीच्या बाजारात विकत. हे काम हौसेचं नाही. पोळा झाला की शेतातलं निंदण संपतं, आणि कापसाची वेचणी दसऱ्याशिवाय सुरू होत नाही. मधले दिवस हाताला काम नसतं, पण पोटाला सुट्टी नसते. त्या दिवसांत नाल्यातला खेकडाच या नऊ घरांची चूल पेटवायचा. लोखंडी आकडी, एक बादली, कोपरापर्यंत सोललेले हात, एवढंच भांडवल. आमच्याकडे लोक खेकडा खातात, पण खेकडा धरणारीच्या हातचं पाणी पिताना अजूनही काहींचा घसा अडखळतो. तो भाग वेगळा.

तर चार वर्षांपूर्वी नाला रिकामा झाला. बीळ दिसायचं, हात घातला की आत नुसतं पाणी. बायांनी रस्त्यावरच्या पोरांना शिव्या दिल्या, कारण ती पोरं मासे धरायला कपाशीवर मारायची विषारी पावडर पाण्यात टाकत. शिव्या खऱ्याच होत्या. पण जयाला दुसरंही ठाऊक होतं, आणि ते तिनं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

खेकड्याच्या मादीच्या पोटाखाली एक रुंद पट्टी असते. बाया तिला पदर म्हणतात. मृगाच्या सुमाराला त्या पदराखाली मादी पिल्लं घेऊन फिरते. राईएवढी पिल्लं, शंभर, दोनशे. अशी मादी जड असते, पळत नाही, झटकन हाती लागते. जयाच्या सासूच्या काळी पदर उघडून पाहायची रीत होती. पिल्लं असली की मादी पाण्यात परत. पुढं बाजारात भाव आला आणि रीत गेली. जयानंच एका मृगात दोन टोपल्या भरून अशा माद्या विकल्या होत्या. ढाणकीच्या एका बाईनं तिच्यासमोरच पाटीत खेकडा उलटा केला, तर पिल्लं सांडली, पाटीभर पसरली. ती बाई ओरडली. जया हसली होती. ते हसणं तिला पुढं फार दिवस टोचलं.

"आपुनच खाल्ला नाला," तिनं बायांना सांगितलं. "पोरायनं अर्धा, आपुन अर्धा."

मग नऊ जणींनी ठरवलं. मृगापासून पोळ्यापर्यंत कोणी आकडी हातात घ्यायची नाही. पोळ्यानंतरही फक्त घरच्या कालवणापुरतं धरायचं, बाजारात तीन वर्षं जायचं नाही. मादी सापडली की पदर उघडून पाहायचा. आणि पावडरवालं पोरगं दिसलं की त्याच्या बापाच्या दारात जाऊन भांडायचं. हे शेवटचं काम जयाकडे आलं, कारण भांडणात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. तीन वर्षं ती भांडली. पोळा ते दसरा हे दिवस त्या नऊ घरांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. कोणी पुसदला बांधकामावर गेलं, कोणी एक वेळच्या भाकरीवर दिवस ढकलले. दोघी मधूनच फुटायला निघाल्या होत्या, त्यांना जयानं अशा शिव्या दिल्या की त्या परत फिरल्या.

आणि नाला परत भरला. पहिल्या वर्षी काहीच नाही. दुसऱ्या वर्षी काठाच्या चिखलात बोटाएवढी बिळं दिसू लागली. तिसऱ्या वर्षी संध्याकाळी नाल्यावर गेलं की खडकाखडकावर नांग्या हलत. यंदा पोळा झाल्यावर बाजारात जायचं होतं. बादल्या घासून ठेवलेल्या होत्या. पोळ्याला आठ दिवस राहिले होते, आणि फळ्यावर हे लिहून आलं.

त्या संध्याकाळी सरपंच किसनराव स्वतः जयाच्या दारात आले. किसनराव म्हणजे वीस एकर कापूस-तुरीचे धनी, तिसऱ्यांदा सरपंच, बोलायला साखर. पाळ बांधायचा ठेका त्यांच्या साळ्याला, गोपालला मिळाला होता. त्यात काही काळंबेरं आहे असं कोणी उघड म्हणत नसे, कारण म्हणणाऱ्याला पुढं सरपंचाच्या सहीचं काम पडतंच. किसनराव अंगणात खुर्चीवर बसले. चहा नको म्हणाले.

"जया, तुह्याशी काम होतं."

"नाल्यात औषध टाकायचं काम काय?"

"अवो, ते लिहा लागते कागदाले. तलावात थोडंसं टाकू. नाल्याले हात लावत नाई मी."

"तलावाचं पानी नाल्यात येत नाई काय, सरपंच? का पाण्यालेबी तुमी सांगून ठेवलं, बाप्पा, तू येऊ नको म्हनून?"

किसनराव हसले. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं. "हे पाह्य. उद्या इंजिनेर साहेब येऊन राह्यले. पंचनामा करा लागते. ते म्हनते, बिळं खेकड्याचीच हायेत हे सांगाले गावातला जानकार मानूस पाह्यजे, पंच म्हनून. आता खेकड्यातलं तुह्यापरीस जानकार कोन हाय? ये, पाह्य, सही कर. झालं."

जयाला वाटलं, या माणसाच्या तोंडावर पाणी फेकावं. तीन वर्षं उपाशी राहून जे वाढवलं, त्याच्या फाशीच्या कागदावर आपणच सही करायची, आणि वर ते बोलावणं मानाचं! पण तिला हेही वाटलं की तिथं नसण्यापेक्षा असलेलं बरं. पाळीवर खेकड्याची बिळं नाहीतच, अशी तिची खात्री होती. उंदरांची असतील, नाही तर गोपालच्या पैशाच्या भुकेची. साहेबासमोर यांना खोटं पाडायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"येतो," ती म्हणाली. "डोयानं पाहीन, मंगच सही."

"पाह्य ना. पोटभर पाह्य," किसनराव म्हणाले आणि उठले.

सकाळी ती पाळीवर पोचली तेव्हा जीप येऊन उभी होती. साहेब तरुण होता, पँट चिखलात भरू नये म्हणून दोन बोटांनी धरून चालणारा. हातात कागद लावलेली पाटी. किसनराव होते. गोपाल आला नव्हता, त्याला म्हणे आर्णीला तातडीचं काम निघालं. गोपालचा ट्रॅक्टर चालवणारा उकंडा मात्र होता, ट्रॅक्टर लावून पाळीच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब. उकंडा जयाच्या घरापासून तिसऱ्या घरात राही. रोज तिला "वयनी" म्हणून हाक मारणारा माणूस आज मान वर करत नव्हता. प्रियंका आणि बाकीच्या बायाही जयाच्या मागोमाग आल्या आणि पाण्याच्या बाजूला जाऊन बसल्या.

"या बाई," साहेब म्हणाला. "तुम्ही फक्त बघून सांगा, ही बिळं कोणाची आहेत."

जया पाळीच्या बाहेरच्या उतारावर उतरली, जिथून पाणी झिरपत होतं.

बिळं खेकड्यांचीच होती. एक नाही, दोन नाही, उतारभर. तोंडाशी मातीच्या बारक्या गोळ्यांचा ढीग, आत ओल, कडेला नांगीचे ओरखडे. आंधळ्यालाही हातानं चाचपून कळलं असतं. तिनं, त्या नऊ जणींनी, पोट मारून वाढवलेली खेकड्यांची पिढी नाल्यात मावेना म्हणून इथवर आली होती. म्हणजे सरपंच खरं बोलला? म्हणजे उद्या ही पाळ फुटून खालचा बौद्धपुराच वाहून गेला तर पाप आपलंच? रात्रभर जपून ठेवलेल्या शिव्या आता कोणाला द्यायच्या, हे तिला कळेना.

"काय म्हणता?" साहेबानं वरून विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. तिला काही सुचत नव्हतं म्हणून तिनं जे तीस वर्षं केलं तेच केलं. गुडघ्यावर बसली, बांगड्या वर सरकवल्या आणि बिळात हात घातला.

हात मनगटापर्यंत गेला, कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला. बोटांना आत नांगी लागली. तिनं सवयीनं अंगठ्यानं पाठ दाबून खेकडा बाहेर काढला आणि टाचेजवळ ठेवला. मग ती आपल्या हाताकडं बघत राहिली. खांद्यापासून नखापर्यंत हात काळा झाला होता. मऊ, चिकट, शेतातली काळी माती. एक खडा नाही. एक ओरखडा नाही.

ती उठून दुसऱ्या बिळाशी गेली. हात घातला. काळी माती. दहा पावलं पुढं तिसरं बीळ. काळी माती. पाळीच्या माथ्यापासून तळापर्यंत ती फिरली. साहेब घड्याळ बघू लागला. किसनराव म्हणाले, "अवो जया, झालं ना आता, का सगळे खेकडे मोजतं?"

"साहेब," जया खालूनच म्हणाली, "लिहा. बिळं खेकड्याचीच हायेत. मी सही करतो."

पाण्याच्या बाजूनं प्रियंका ताडकन उभी राहिली. किसनरावांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मी म्हनत नव्हतो? बाई कडू बोलते, पन खोटं नाई बोलत."

"अन् पुढं हेबी लिहा," जया वर चढत म्हणाली. तिनं आपला काळा हात साहेबाच्या नाकासमोर धरला. साहेब एक पाऊल मागं सरला. "खेकडा मुरुमात शिरत नाई. त्याच्या नांग्या मोडतीन. मुरूम त्याले टोचते अन् त्यात ओल राह्यत नाई. खेकडा जाते ते काळ्या मातीत. तुमच्या कागदात पाळ कशाची लिहिली हाय साहेब? पाहा जरा."

साहेबानं कागद चाळला नाही. त्याला पाठ असावं. पाझर तलावाच्या पाळीत मध्ये काळी माती ठोकायची आणि दोन्ही अंगांना हात-दोन हात मुरूम चढवायचा, हे बांधकामावर पाट्या टाकलेल्या कोणत्याही बाईला माहीत असतं. साहेबाला तर त्याचा पगार होता.

"बाहेरून मुरूम असतो," तो हळू आवाजात म्हणाला.

"मंग तो कुठं हाय? माह्या हाताले दाखवा. सतरा बिळं पाहिली मी. खांद्यापर्यंत हात गेला. खेकड्यानं मुरूम खाल्ला म्हनता काय? खेकडा शेन खाते, मासोळी खाते. मुरूम कोन खाते ते या गावात सगळ्यायले मालूम हाय!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. किसनरावांनी जाणकार पंच मागवला होता, आणि पंच खरंच जाणकार निघाला. साहेब वाकला, उतारावरच्या बिळाच्या तोंडाशी पेन खुपसून पाहिलं, माती चुरली, बोटं रुमालाला पुसली. तिथं असलेल्या सगळ्यांना दिसलं की त्याला दिसलं आहे.

"उकंडा!" जया ओरडली. "टॅक्टर तूच चालवला ना बे? किती खेपा मुरूम आनला, सांग साहेबाले!"

उकंडा पाळीच्या टोकावर तसाच. त्यानं मान हलवली. हो नाही, नाहीही नाही.

"हे पाहा साहेब," किसनराव आता साखर विसरले होते, पण फार वेळ नाही. "बाई मानूस हाय, रागात हाय. तिचा धंदा हाय ना तो. आपुन असं करू, खेकडे राहू द्या. खेकड्याचं नावच काढून टाकू. उंदरं लिहा. उंदरायनं पोखरली. औषधाची गरज नाई, बाईचेबी खेकडे वाचले, तुमचा कागदबी झाला."

जयाला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. काल खेकडा, आज उंदीर, उद्या कोणी उंदरासाठी उभं राहिलं तर परवा मुंगी. या जगात पाळ पोखरायला सगळ्या जिवांना परवानगी आहे, फक्त सरपंचाच्या साळ्याला नाही.

"उंदरं लिहिली तं सही नाई," ती म्हणाली. "मुरूम नाई, हे लिहा. दोन शब्द हायेत. दोन शब्द लिहाले किती शाई लागते?"

साहेब पेन टोपणात घालत होता, काढत होता, घालत होता.

तेवढ्यात पाण्याच्या बाजूनं प्रियंकाची किंकाळी आली. "काकू! काकू, इकडे या! हे पाहा काय हून राह्यलं!"

जया धावली. तलावाच्या वरच्या अंगाला, जिथं नाला तलावात येतो, तिथून काठाकाठानं खेकडे पाण्याबाहेर येत होते. भर दिवसा खेकडा पाण्याबाहेर येत नाही. हे एकावर एक चढून येत होते, पाय ओढत, तोंडाशी फेस, काही काठावर येऊन उलटे पडलेले. दगडांवर, गवतात, बसलेल्या बायांच्या पायांवर. यंदा पाऊस उशिरा आलेला, म्हणून पोळ्याला आठवडाच उरला असतानाही काही माद्यांच्या पदराखाली पिल्लं होती. पदर ढिले पडून ती पिल्लं चिखलात सांडत होती.

जया एक क्षणच थांबली. मग ती मागोमाग धावत आलेल्या उकंडाकडे वळली. त्याच्या पँटच्या काठाला पांढरी पावडर लागलेली होती. ती तिला आत्ता दिसली.

"कवा टाकली?"

"पहाटे," उकंडा म्हणाला. सकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द. "सरपंच म्हने, साहेब यायच्या आधी टाकून ये, आजच्या तारखेत दाखवा लागते. वयनी, दोनच पोते... नाल्याच्या तोंडाशी फक्त... मले वाटलं पंचनामा तं होनारच हाय..."

म्हणजे तिची सही, तिचं बोलणं, तो काळा हात, सगळं शोभेचं. फाशी पहाटेच झाली होती, खटला नंतर चालला होता. जयानं उकंडाच्या कानाखाली अशी वाजवली की आवाज पाळीच्या पलीकडं गेला. तो हलला नाही. त्यानं गालाला हातही लावला नाही.

"उभा कायले राह्यला? टॅक्टरमधल्या टोपल्या-बादल्या आन! सगळ्या आन!"

नाल्याचं वरचं पाणी, जिथून पावडर टाकली त्याच्या वर, अजून चांगलं होतं. तिथं एक डोह होता, दोन शेतं चालून गेलं की. जयानं पदर खोचला. ज्या नऊ बायांनी तीन वर्षं पिल्लांची मादी हाती आली तर देवाला जपावं तशी जपून परत सोडली, त्या नऊ बाया आता दोन्ही हातांनी ओरबाडत होत्या. पदर बघायला वेळ नव्हता, लहान-मोठा बघायला वेळ नव्हता. हलतो तो बादलीत. बादली भरली की धावत डोहाकडं, पाण्यात खळाळून धुवायचा, सोडायचा, परत. नांग्या बोटांत रुतत होत्या, रक्त येत होतं, कोणी ओरडत नव्हतं. उकंडाही धावत होता. प्रियंका रडत होती आणि वेचत होती. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला जयाला कळलं की डोहात सोडलेल्यांतलेही अर्धे बुडाशी जाऊन उलटे होत आहेत. तिनं ते बायांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हात थांबले असते.

साहेबानं हे थोडा वेळ पाहिलं. एकदा त्यानं खिशातून फोन काढला, वाटलं फोटो काढतो की काय, पण परत ठेवला. "नंतर पाहू," असं काहीतरी म्हणाला, कोणाला ते कळलं नाही. पाटीवरचा कागद कोराच होता. जीप सुरू झाली आणि ढाणकीच्या रस्त्याला लागली.

जीप गेली तसे किसनराव सैल झाले. कागद झाला नाही म्हणजे काही झालंच नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. ते सावकाश पाळ उतरून काठाशी आले. चपला चिखलातून वाचवत वेचणाऱ्या बायांमधून चालले. जया बादली भरून उठत होती. बादलीत तळहाताएवढे खेकडे होते, गेल्या पाच-सहा वर्षांत बोरखडीत कोणी पाहिले नव्हते एवढे मोठे. किसनरावांची नजर त्यांच्यावर थांबली. जुन्या दिवसांत दर पोळ्यानंतर जया त्यांच्या मागच्या दारानं खेकडे देऊन जायची. पुढच्या दारानं नाही, कारण घरी माळकरी आई होती. ती सवय त्यांच्या जिभेला आठवली असावी.

"लय पोसले यंदा," ते म्हणाले, अगदी घरच्यासारखं. "जया, हे बाहेर आले ते तं जितेच हायेत. चार मोठे काढून ठेव माह्यासाठी. राग रागाच्या जागी. मागच्या दारानं धाडून दे."

जया उभी राहिली. बादलीची कडी तिच्या बोटांत होती, बोटांतून रक्त कडीवर येत होतं. तिच्या मनात जे आलं ते आलंच, ते लपवण्यात अर्थ नाही. चार मोठे काढायचे. पुसून, स्वच्छ करून पिशवीत घालायचे. मागच्या दारानं नेऊन द्यायचे. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. तिनं खरंच वाकून चार काढले, सगळ्यात मोठे, आणि पिशवीसाठी उकंडाकडे हात केला. उकंडा पिशवी घेऊन आला. पण त्यानं ती जयाच्या हाती दिली नाही, स्वतःच धरून ठेवली. त्याला कळलं होतं. बायांचे हात थांबले होते. त्यांनाही कळलं होतं. तिथं फक्त एकाच माणसाला काही कळलेलं नव्हतं, आणि तो पिशवीसाठी हात पुढं करून उभा होता.

जयानं चारही खेकडे त्याच्या पायाशी चिखलात टाकले.

"खाऊ नका, सरपंच," ती म्हणाली. "तुमच्याच पावडरीचे हायेत. खासान तं मरसान. अन् तुमी मेले तं पंचनाम्यात पुन्हा खेकड्याचंच नाव लिहितीन."

तिनं बादली उचलली आणि डोहाकडं चालू लागली.